ढालीवर नाव कोणाचं? देवगड तालुक्यातल्या एका शाळेतलं बुद्धिबळाचं प्रकरण

आमच्या शाळेत एक फिरती ढाल आहे. सागवानी लाकडाची, मधोमध पितळी पत्रा, त्यावर कोरलंय ‘उत्कृष्ट खेळाडू’. कडेनं छोट्या पितळी पट्ट्या, प्रत्येकीवर एक साल आणि एक नाव. दर डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती कुणा मुलाच्या नाहीतर मुलीच्या हातात पडते, वर्षभर त्या घरात राहते आणि पुढच्या डिसेंबरात घासूनपुसून परत येते. २०२५ च्या डिसेंबरात ही ढाल कोणाला द्यायची यावर शालेय समितीच्या दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा गाडी एकाच ठिकाणी अडली. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीला खेळाडू म्हणायचं का?

शाळा देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत वीस मिनिटांवर, उघड्या कातळावर. शाळेचं आणि मुलांचं नाव देत नाही. मुलं अजून शिकतायत आणि गाव लहान आहे. मी इथे गणित शिकवतो आणि गेली अकरा वर्षं बुद्धिबळाचा संघ घेऊन तालुक्याला, जिल्ह्याला जातो. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ नव्हतो, ते आधीच सांगितलेलं बरं. पण समोरच्या बाजूचं जे खरं होतं ते मला उशिरा कळलं. ते नोंदलं जावं म्हणूनही हे लिहितोय.

दोन मुलं

मुलगी दहावीतली. वडील हापूसच्या बागेत कामाला, फवारणीपासून राखणीपर्यंत सगळं करतात. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचे. येताना ट्रंकेत जे काही होतं त्यात लाकडी मोहऱ्यांचा एक डबा होता. नातीला त्यांनीच शिकवलं, पण देशी पद्धतीनं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे, किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल) नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी. पाचवीत ती माझ्याकडे आली तेव्हा पहिले दोन महिने तिला आंतरराष्ट्रीय नियमांची सवय लावण्यात गेले. एक नियम मात्र घरूनच पक्का होऊन आला होता. आजोबांचं वाक्य ती जसंच्या तसं म्हणून दाखवायची, “हात लावलस तर ता चालवकच होया.”

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात गणित झालं नाही. फळ्यावर आम्ही पट आखला. पुढच्याच महिन्यात तालुक्याच्या स्पर्धा होत्या. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे काय ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. मैदानावर घोटाभर पाणी, मैदानी स्पर्धांच्या तारखा दोनदा पुढे गेल्या. बुद्धिबळ मात्र एका शाळेच्या सभागृहात, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, ठरल्या दिवशी झालं. ती तालुक्याला पहिली आली, जिल्ह्याला दुसरी. सतरा वर्षांखालच्या मुलींत.

क्रीडा खात्याच्या वाटणीत आमचा सिंधुदुर्ग आणि शेजारचा रत्नागिरी कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे घाट चढून गेलं की समोर कोल्हापूर, सांगली, सातारा. सांगलीत तर भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य घालून बुद्धिबळाची परंपरा रुजवली. तिथल्या मुलांना आठवीपर्यंत दोन-तीन प्रशिक्षक झालेले असतात. आमच्या मुलीकडे आजोबांचे मोहरे, माझा वेळ आणि आईचा मोबाइल. फोंडाघाटातून एसटीनं गेलो. वळणावळणानं ती दोनदा ओकली आणि त्याच दुपारी पहिल्या फेरीला बसली.

तिथे चौथ्या फेरीत जे घडलं ते मला तिनं नव्हे, पंचांनी सांगितलं. डाव तिच्या बाजूचा होता. घोडा हलवायचा विचार करता करता तिचा हात हत्तीवर पडला, बोटांनी तो धरला गेला आणि सुटला. समोरची मुलगी मान खाली घालून चाल लिहीत होती. तिनं पाहिलं नाही. पंच दोन टेबलं पलीकडे होते, त्यांनी पाहिलं. ते उठून येण्याआधीच हिनं हत्ती उचलला आणि त्याची जी एकच बरी चाल होती ती केली. त्यात प्यादं गेलं, जिंकत आलेला डाव बरोबरीत सुटला. परत येताना मी विचारलं तेव्हा म्हणाली, “सर, हात लागला होता ना.” एवढंच. उरलेल्या फेऱ्या जिंकून ती राज्यस्तरावर गेली. तिथे पदक नाही मिळालं. पण आमच्या शाळेतून कुठल्याही खेळात राज्यापर्यंत पोचलेली, माझ्या माहितीत, ती पहिलीच.

मुलगा नववीतला. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. तो पंधराशे मीटर धावतो. शाळेत धावपट्टी नाही, म्हणून तो पुळणीवर धावतो, तेही ओहोटी असेल तेव्हा. भरतीला पुळण उरत नाही आणि कोरडी रेती पाय ओढते. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं सरकते, तसा त्याचा सरावही सरकतो. कधी पहाटे पाचला, कधी शाळा सुटल्यावर. अनवाणी. जिल्ह्याला तिसरा आला आणि तिथेच थांबला. पहिले दोघे स्पाइक्स घालून धावले होते.

या दोघांत निवड करायची होती. बुद्धिबळ खेळ धरला तर मुलीचं पारडं उघड जड. मुलाला ढाल द्यायची तर बुद्धिबळाला खेळांतून वगळावं लागणार. म्हणजे या वेळी व्याख्या टाळून निवड करता येत नव्हती.

पी.टी.च्या सरांचं म्हणणं

आमचे क्रीडाशिक्षक कबड्डीचे खेळाडू. सरळ माणूस. त्यांनी पहिल्या बैठकीत शाळेची जुनी ठराव वही आणली. ढाल मुंबईच्या माजी विद्यार्थी मंडळानं दिली त्या वर्षीच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘मैदानी खेळांत नैपुण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्यास’. पितळी पत्र्यावर ‘मैदानी’ शब्द नाही. कोरताना राहिला असेल, किंवा मुद्दाम गाळला असेल. सरांचं म्हणणं असं की देणाऱ्याचा हेतू वहीत आहे, पत्र्यावर नाही.

मग ते मूळ मुद्द्यावर आले, आणि तो मुद्दा मला आजही सगळ्यांत वजनदार वाटतो. ते म्हणाले, “सर, धावणाऱ्याच्या जागी दुसरा कोणी धावला तर निकाल बदलतो. तुमच्या बुद्धिबळात चाल तिनं सांगितली आणि मोहरा मी हलवला, तरी डाव तोच. मग शरीर कुठे आलं त्यात?”

मी म्हटलं, नेमबाजही जागचा हलत नाही. फोंडाघाट चढून आपण कोल्हापूरला ज्या रस्त्यानं जातो त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलीत ऑलिंपिक कांस्य जिंकला, स्थिर राहून. सर लगेच म्हणाले, “स्थिर राहणं हेच त्याचं शरीराचं काम. त्याचा श्वास चुकला तर गोळी चुकते. हिचा हात थरथरला तरी घोडा त्याच घरात बसतो.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. अंध खेळाडूंना मदतनीस चाल करून देऊ शकतो, पूर्वी लोक पत्रानं डाव खेळत, आणि त्यानं बुद्धिबळात काही उणं येत नाही. हा फरक मान्य करूनच पुढे जावं लागतं.

सरांनी आणखी एक विचारलं. “उद्या गणित प्राविण्याची परीक्षा पास झालेल्यालाही ढाल द्याल?”

यावर मात्र मी रात्रभर विचार केला, कारण मी दोन्ही शिकवतो. गणिताचा पेपर मुलाच्या विरुद्ध काही करत नाही. तो टेबलावर पडून असतो. मूल अडलं तर ते गणित सोडून पुढचं करू शकतं, खोडू शकतं, परत येऊ शकतं. पटावर समोर बसलेली मुलगी तुमचा बेत मोडायलाच आलेली असते, घड्याळ तुमच्याच वाटणीचं पळत असतं आणि केलेली चाल मागे घेता येत नाही. वक्तृत्वात, वादविवादात प्रतिस्पर्धी असतो खरा, पण तिथे परीक्षक गुण देतात. इथे मात झाली की झाली, कोणाच्या मताचा प्रश्न नाही. प्रतिस्पर्धी, नियम, वेळ, सराव, मागे न फिरणारी चाल आणि हार गिळून पुढच्या फेरीला बसणं. मी खेळ म्हणतो तो या सगळ्याला. शाळेनं खेळांतून मुलांना जे मिळावं असं आपण म्हणतो, तेही यातच आहे. आपल्या भाषेत त्याला खिलाडूवृत्ती असा शब्द आहे, आणि चौथ्या फेरीत हत्तीला हात लागला तेव्हा ती कोणत्या मैदानावर होती हे विचारायची मला गरज वाटत नाही.

बाहेर काय ठरलंय

मुख्याध्यापिका बाईंनी मला बाहेरचे दाखले काढायला सांगितले होते. शाळेनं मनानं काही ठरवलं असं व्हायला नको, हा त्यांचा आग्रह. दुसऱ्या बैठकीत मी मांडले ते असे.

भारत सरकारनं हा प्रश्न फार आधी सोडवला आहे. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी बुद्धिबळाचे मॅन्युएल एरन मानकरी होते. खेलरत्न सुरू झाला तेव्हा १९९१-९२ चा पहिला मान विश्वनाथन आनंदला मिळाला. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत कबड्डी, खो-खोसोबत बुद्धिबळही आहे. मुलगी राज्यावर गेली ती क्रीडा कार्यालयाच्या पत्रानं गेली, शिक्षण खात्याच्या कुठल्या परीक्षेनं नाही. सरकार तिला खेळाडू म्हणून प्रमाणपत्र देतं आणि तिची शाळा ‘उत्कृष्ट खेळाडू’च्या यादीतून तिला काढते, हे समितीतल्या पालक सदस्यांना सर्वांत आधी खटकलं. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण असतं, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात. खेळाडू या शब्दाला आपल्याकडे असं वजन आहे. मुलांच्या पुढच्या वाटा त्यावर ठरतात.

जगात मात्र एकमत नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, पॅरिसमध्ये १९२४ ला स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं त्याला १९९९ मध्ये मान्यता दिली, तरी बुद्धिबळ ऑलिंपिकच्या पदकांत नाही. आशियाई खेळांत ते २००६ ला दोहात होतं, २०१० ला ग्वांगझूत होतं, मधल्या दोन वेळा गळलं आणि हांगझूत परत आलं. फिडे उत्तेजकद्रव्यविरोधी नियम पाळते, खेळाडूंची चाचणी होते. दुसरीकडे इंग्लंडमध्ये ब्रिज हा पत्त्यांचा खेळ क्रीडा म्हणून मान्य व्हावा यासाठी तिथली संघटना न्यायालयात गेली आणि २०१५ मध्ये हरली. तिथल्या क्रीडा संस्थेच्या व्याख्येत शारीरिक हालचाल हवीच. गंमत अशी की त्याच देशाच्या २०११ च्या धर्मादाय कायद्यात खेळाच्या व्याख्येत शारीरिक किंवा मानसिक कौशल्य असं दोन्ही आहे. एकाच देशात दोन कागद, दोन व्याख्या. आमच्या ढालीचं तेच झालं होतं, वही एक म्हणते आणि पत्रा दुसरं.

अध्यक्ष म्हणाले, “पण ऑलिंपिकमध्ये नाही ना?” पी.टी.चे सर त्यावर स्वतःहून बोलले, आणि माझ्या बाजूनं बोलले. “साहेब, कबड्डीही नाही. खो-खो नाही, मल्लखांब नाही. आशियाई खेळांत कबड्डी यायला १९९० उजाडलं. त्याआधी आम्ही खेळत होतो ते काय होतं?” तो मुद्दा तिथेच संपला.

जो मुद्दा मी मांडला नाही

बुद्धिबळप्रेमींकडून हमखास येणारा एक दावा आहे, की मोठ्या स्पर्धेत खेळाडू बसल्या जागी दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतो. मला तो तीन जणांनी पाठवला. मी तो समितीपुढे ठेवला नाही. मेंदू विश्रांतीतही शरीराची साधारण एक पंचमांश ऊर्जा घेतो हे खरं, पण अवघड विचार केल्यानं त्यात पडणारी भर थोडीच असते. एवढ्या कॅलरी त्यातून निघत नाहीत. ताण मात्र खरा आहे. नाडी वाढते, झोप उडते, खाणं तुटतं. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोत सुरू झालेला कारपोव आणि कास्पारोव यांचा जगज्जेतेपदाचा सामना पाच महिने चालला, अठ्ठेचाळीस डाव झाले आणि निकाल न लागताच तो थांबवावा लागला. तोवर कारपोव फार खंगला होता. असे दाखले ताणाचे आहेत, व्यायामाचे नाहीत. बुद्धिबळाला खेळ ठरवण्यासाठी त्याला व्यायाम ठरवायला लागलो तर आपण हरणारच, आणि खोटं बोलून हरणार. गणित शिकवणाऱ्या मीच फुगवलेला आकडा दिला असता तर पी.टी.च्या सरांनी पुढचं काही ऐकून का घ्यावं?

शिवाय या दाव्यात एक धोका आहे. तो मला सरांनीच दाखवला.

सरांच्या पिशवीतला दुसरा कागद

पहिली बैठक निर्णयाविना संपल्यावर ते माझ्याकडे आले. वर्गात आम्ही दोघंच. त्यांनी पिशवीतून एक अर्ज काढला, मैदान सपाट करण्याचा. संस्थेला चार वर्षांपूर्वी दिलेला. आमचं मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर. पावसात माती वाहून जाते आणि कातळाची टोकं वर येतात. नव्या खोल्यांसाठी त्याचा एक कोपरा गेलाच आहे. कबड्डीचा सराव मुलं भातकापणी झाल्यावर शेजारच्या मळ्यात करतात. अर्जावर दर वर्षी शेरा पडतो, ‘निधी उपलब्धतेनुसार’.

“आणि दर वर्षी,” सर म्हणाले, “वार्षिक अहवालात शाळेनं किती खेळांत भाग घेतला ते छापून येतं. बुद्धिबळ, कॅरम धरून आकडा मोठा दिसतो. बुद्धिबळाला लागतं काय, चार पट आणि दोन घड्याळं. संस्थेला वाटतं, मुलं खेळतायत. मैदान कशाला? तुमच्या मुलीवर माझा राग नाही, सर. ती राज्यावर गेली तेव्हा मी पेढे वाटले. पण ही ढाल एकदा पटाकडे गेली की मैदान गेलंच समजा.”

मी अकरा वर्षं त्या अहवालात स्वतःच आकडा भरत होतो. तो कुठे वापरला जातोय हे पाहिलं नव्हतं. एवढंच नाही, स्पर्धेच्या आधीचे पंधरा-पंधरा दिवस बुद्धिबळाच्या मुलांचे पी.टी.चे तास मीच मागून घेत होतो. मुलं पटावर बसायची आणि मला वाटायचं खेळाचाच तर तास आहे. घाटात दोनदा ओकून, अंगात ताकद नसताना पटावर बसलेली ती मुलगी आठवली. तिला रोज अर्धा तास धावायला लावलं असतं तर शेवटच्या फेऱ्यांत ती कमी थकली असती, हे मला प्रशिक्षक म्हणून कळायला हवं होतं. राज्यस्तरावर तिचे दोन डाव शेवटच्या तासात गेले, दोन्ही बरे असताना.

बुद्धिबळ हा खेळ आहे, हे माझं मत तिळभर हललं नाही. पण मूल एक खेळ खेळतं म्हणजे त्याच्या शरीराची सोय झाली, हा हिशेब चुकीचा आहे हे मला त्या दिवशी समजलं. ढालीवर हक्क सांगताना तो हिशेब उलगडून ठेवणं माझं काम होतं.

मधला मार्ग आणि मुलीचा प्रश्न

दुसऱ्या बैठकीआधी अध्यक्षांनी तोडगा काढला. ढाल मुलाला द्यावी आणि मुलीसाठी ‘बौद्धिक क्रीडा’ म्हणून एक नवा चषक सुरू करावा, त्याचा खर्च ते स्वतः करतील. मनातून चांगला माणूस, कोणाला दुखवायचं नव्हतं. बऱ्याच सदस्यांना ते पटलंही.

मुख्याध्यापिका बाईंनी मुलीला ऑफिसात बोलावून विचारलं. मीही होतो. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “बाई, चषक मोठा असेल का?” बाई म्हणाल्या, ढालीपेक्षा मोठा घेऊ. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग मी नक्की कोण? बौद्धिक?”

तिला ढालीची हाव नव्हती. नोव्हेंबरात शेजारी गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक भरला होता, जगभरचे खेळाडू आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर खेळत होते आणि वर्तमानपत्रांत ते सगळं क्रीडा पानावर येत होतं. ती ते पान कापून वहीत चिकटवत होती. त्या पानावरच्या माणसांसारखी आपणही आहोत की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. वेगळा चषक म्हणजे तिला वेगळ्या पानावर टाकणं झालं असतं.

मुलालाही विचारलं. त्याचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. “ती राज्यावर गेली, मी जिल्ह्यात तिसरा. माका ढाल कशाक देतास? पुढल्या वर्षी मी घेयन.”

ठराव

मुंबईच्या मंडळाला फोन झाला. ढालीसाठी ज्यांनी पैसे दिले ते आता हयात नाहीत, त्यांचे धाकटे भाऊ बोलले. वहीत ‘मैदानी’ का आणि पत्र्यावर का नाही, हे त्यांनाही सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले की त्या काळात शाळेला मैदानच नव्हतं आणि भावाला वाटायचं की पोरांनी खेळावं. या उत्तरानं दोन्ही बाजूंना आधार मिळाला आणि म्हणून कोणालाच निकाल मिळाला नाही. निर्णय समितीलाच करावा लागला.

मी मांडलेला आणि पी.टी.च्या सरांनी अनुमोदन दिलेला ठराव असा झाला. ढाल मुलीला द्यावी. यापुढे क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांच्या यादीतला कोणताही खेळ ढालीसाठी धरावा. त्याच ठरावात आणखी तीन गोष्टी. वार्षिक अहवालात मैदानी आणि बैठे खेळ वेगवेगळे दाखवावेत, म्हणजे एकाच्या आकड्यानं दुसऱ्याची उणीव झाकली जाणार नाही. बुद्धिबळ, कॅरमच्या मुलांचे पी.टी.चे तास कोणत्याही कारणानं घेऊ नयेत. आणि मैदान सपाट करण्याच्या कामाला मार्चपर्यंत सुरुवात व्हावी, त्यासाठी निम्मा खर्च संस्थेनं आणि निम्मा माजी विद्यार्थी व गावानं उचलावा.

अनुमोदन देताना सर म्हणाले, “मला अजून वाटतं की हा वेगळ्या जातीचा खेळ आहे.” मी म्हटलं, मलाही. ते वहीत नोंदलं गेलं नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. ते जे म्हणत होते की चाल शरीरानं होत नाही, ते आजही खरंच आहे. तो फरक आम्ही दोघांनीही मिटवला नाही. त्या फरकावरून मुलीला खेळाडू म्हणायचं नाकारता येत नाही, आणि त्याच फरकामुळे पटाला मैदानाची जागा घेऊ देता येत नाही, यावर आमचं जुळलं.

अध्यक्षांनी विरोध केला नाही. एका सदस्यानं केला, त्याचं मत वहीत नोंदलं आहे.

पट्टी

स्नेहसंमेलनात ढाल दिली तेव्हा आजोबा पहिल्या रांगेत होते, धोतर, टोपी, हातात मोहऱ्यांचा तो डबा. तो का आणला होता ते मी विचारलं नाही.

जानेवारीपासून बुद्धिबळाची सहा मुलं सकाळी पी.टी.च्या सरांबरोबर मैदानाला फेऱ्या मारतात. मुलगी सुरुवातीला तिसऱ्या फेरीला थांबायची, आता आठ मारते. कातळाची दोन टोकं ब्रेकरनं फोडून झाली आहेत, उरलेलं पैशांसाठी थांबलंय.

ढालीच्या नव्या पट्टीचं काम कणकवलीच्या कोरीवकामवाल्याकडे द्यायचं होतं. तो अक्षरावर पैसे घेतो. बैठकीत कोणीतरी सुचवलं होतं की साल आणि नावापुढे कंसात ‘बुद्धिबळ’ घालावं, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज होणार नाही. मजकूर लिहून द्यायचं काम पी.टी.च्या सरांकडे होतं. मी चिठ्ठी पाहिली तेव्हा त्यावर फक्त साल आणि नाव होतं. कंस राहिला का, असं मी विचारलं. ते ढाल हातात घेऊन उभे होते. जुन्या पट्ट्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यात एक पट्टी त्यांच्या स्वतःच्या नावाची आहे, ते या शाळेचेच विद्यार्थी.

“यात कुठे लिहिलंय कबड्डी?” ते म्हणाले, आणि चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.